जहाजवाली गाडी

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात एका नव्या तऱ्हेच्या मोटारीची लाट आली. गाडी मध्यम आकाराची घ्यायची आणि तिच्या बॉनेटखाली थोरल्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. अशा गाडीला तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचं तर पहिलवान गाडी. १९६४ सालची पॉन्टिअॅक जीटीओ ही त्यातली पहिली, असं बहुतेक जाणकार मानतात. तिचं व्ही-एट इंजिन ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६,४०० सीसीचं होतं. आपल्या मारुती ८०० ची आठ इंजिनं एकत्र केली तर एवढं माप भरेल. पेट्रोल पाण्यासारखं स्वस्त होतं त्या दिवसांतले हे शौक.

रत्नागिरीच्या वाडीत अशा गाडीचं काय काम, असं वाचकांना वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी मुंबईचे एक मध्यस्थ आमच्या मांगरात उभी असलेली गाडी बघून गेले. पुढच्या मडगार्डवरच्या 'व्ही' आणि 'आठ' या चिन्हावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही व्ही-एट आहे. मसल कारची आजी समजा. कागद जुळले तर अठरा लाख कुठेच गेले नाहीत."

आम्ही तिघं भावंडं. एक शाळामास्तर, एक बर्फाच्या कारखान्यात कामाला आणि एक बहीण चिपळूणला दिलेली. अठरा लाख हा आकडा आमच्या घरात त्याआधी कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

गाडी आमच्या दादाजानांची. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या एका व्यापाऱ्याकडे ते ड्रायव्हर होते. शेठने गाडी काढायची ठरवली तेव्हा १९६६ साली पगाराच्या थकबाकीत आणि थोडे पैसे भरून त्यांनी ती घेतली आणि कशेडीचा घाट चढून-उतरून रत्नागिरीला आणली. मग पंचवीसेक वर्षं ती भाड्याने फिरली. नवरदेव, बाळंतिणी, हज करून आलेले, कुवेतला निघालेले, सगळे तिच्यातून गेले. बॉनेटच्या टोकाला शिडाच्या जहाजाची आकृती आहे, म्हणून राजिवड्यापासून पावसपर्यंत तिला 'जहाजवाली' म्हणत. खलाशांच्या मुलखात याहून चांगलं नाव शोधून सापडलं नसतं.

१९९१ साली दादाजानांचा इन्तेकाल झाला. दादी आधीच गेल्या होत्या. वारस तीन: दोन मुलगे आणि एक मुलगी. शरीयतच्या हिशेबाने पाच हिस्से. दोन अब्बांचे, दोन चाचांचे, एक फुफीचा. घर, कलमं, भाताची खाचरं यांची वाटणी तेव्हाच झाली. गाडी तेवढी राहिली, कारण तिची किंमत काय धरायची हे कोणालाच सांगता येईना. भंगारवाल्याच्या भावाने धरावी तर फुफीला काय मिळणार? आणि जास्त धरावी तर कशाच्या आधारावर? अब्बा शेवटच्या आजारपणातही म्हणायचे, "बहिणीचा हिस्सा त्या मांगरात गंजतोय." फुफी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. त्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही, आणि म्हणूनच आम्हाला तो टाळता येत नव्हता.

तेव्हा किंमत ठरवायची तर गाडी नक्की कोण आहे, हे आधी शोधायला हवं होतं. तेच अवघड निघालं. बॉनेटवर जहाज, डिकीवर 'डॉज' अशी अक्षरं, चाकांच्या टोप्यांवर 'डिसोटो' आणि मडगार्डवर व्ही-एट. एकाच गाडीला चार ओळखी. त्यात मूळ इंजिन बेपत्ता. त्याच्या जागी चार सिलिंडरचं पर्किन्स डिझेल. इंजिन जागेवर असतं तर प्लग मोजले असते आणि प्रश्न एका मिनिटात सुटला असता.

तीन नावांचा उलगडा मुंबईच्या इतिहासात आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्यांचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. (पुढे फियाट आणि पद्मिनी दिल्या त्याच या कुर्ल्याने.) क्रायस्लरच्या घरात प्लिमथ, डॉज, डिसोटो अशा बहिणी-बहिणी होत्या. परदेशी पाठवायची डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे अंगाने प्लिमथच, फक्त दागिने वेगळे. त्यामुळे एकीची टोपी दुसरीला सहज बसे. आमच्या गाडीवर तीस वर्षांत चोरबाजारातून जे मिळालं ते चढत गेलं होतं. जहाज मात्र प्लिमथचंच. १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या 'मेफ्लॉवर' या जहाजाची ती आकृती.

इथे थोडं विषयांतर करतो. त्याच काळात मुंबईत जीप जोडणारी कंपनी आज सगळ्यांना महिंद्र अँड महिंद्र म्हणून माहीत आहे. १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली नाव बदललं. वर्गात हे सांगितलं की मुलं पुस्तकं मिटून ऐकतात. अमेरिकन कंपन्यांचं मात्र इथे फार दिवस जमलं नाही. सरकारने सांगितलं की नुसते भाग जोडू नका, इथेच बनवा. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला होती, तिने १९५४ साली कारखाना बंद केला. प्रीमियर टिकली ती देशी असल्यामुळे.

तर आता आमच्या गाडीकडे. पहिला पुरावा आरसी बुक. ते पत्र्याच्या पेटीत होतं आणि वाळवीने त्याचा अर्धा भाग खाल्ला होता. मुंबईचा 'बीएम'ने सुरू होणारा नंबर शाबूत, उत्पादनाचं वर्ष गेलेलं, चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे गेलेले. इंजिन नंबरच्या जागी आधीचा नंबर लाल शाईने खोडून डिझेलचा लिहिलेला. खोडलेल्यातलं 'पी २५' एवढं भिंगाखाली वाचता आलं. पुढचे आकडे शाईत बुडालेले. जुनं रजिस्टर मिळावं म्हणून एका सरकारी कार्यालयात चार खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला नवा साहेब आणि जुनंच उत्तर: पावसाळ्यात भिजली, नष्ट केली.

दुसरा पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. त्या काळच्या प्लिमथला डाव्या पुढच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर नंबराची छोटी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असे. आमच्या खांबावर रंगच रंग. वरचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पांढरा, मग बदामी, आणि तळाला एक हिरवट राखी. कच्च्या कैरीची साल सुकल्यावर दिसते तसा. पॉलिश पेपरने एकेक थर उतरवताना आमच्या बर्फवाल्या भावाने दोन रविवार घातले. पट्टी निघाली. चेसिस नंबर पूर्ण वाचता आला आणि आरसी बुकात उरलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळला. म्हणजे निदान चेसिस आणि कागद एकाच गाडीचे होते. जुन्या गाड्यांच्या धंद्यात ही साधी गोष्ट नाही. दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत केलेली पुष्कळ असतात.

मध्यस्थांनी सांगितलं होतं की अमेरिकेत कारखान्याचा कागद सीटच्या स्प्रिंगांत सापडतो, तुम्हीही सीट उचलून पाहा. ते खरं आहे. पण तो कागद अमेरिकेतल्या असेंब्ली लाइनवर कामगारांसाठी निघे. मसल कारचे शौकीन त्याच्यासाठी सीट फाडतात. कुर्ल्याला जोडलेल्या गाडीत तो कसा असणार? तरी सीट उचलली. गोट्या, हेअरपिना, एक पैशाची नाणी, सेहऱ्याची जरी, आणि काथ्याने बांधलेल्या तीन वह्या.

वह्या दादाजानांच्या. उर्दूत, शिकस्ता लिपीत, म्हणजे घसट्या मोडलेल्या अक्षरांत लिहिलेल्या. त्यात रोजचं भाडं, पेट्रोल, टायरचे पॅच आणि कोणाकडून किती येणं ते. शिकस्तात नुक्ते गाळायची सवय असते, त्यामुळे एकेक शब्द अंदाजाने सोडवावा लागतो. आमच्यातल्या मास्तरांची वीस वर्षांची उर्दू त्या रात्री खऱ्या कामाला आली. १९७४ सालच्या वहीत डिझेल बसवल्याचा खर्च सापडला. आदल्या वर्षी अरब-इस्राएल युद्धानंतर तेल जगभर भडकलं होतं. एवढ्या मोठ्या पेट्रोल इंजिनावर भाडं परवडेना, म्हणून मुंबई-गोव्यातल्या कित्येक अमेरिकन टॅक्सींनी तेव्हा डिझेल घेतलं. व्ही-एटच्या चिन्हाचाही खर्च त्याच वहीत आहे: चोरबाजार, साडेचार रुपये. डिझेल खोकत चालणाऱ्या गाडीवर दादाजानांनी व्ही-एटचा बिल्ला लावला होता. गंभीर चेहऱ्याचा तो माणूस असा मिस्किल असेल, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच पानावर खाली एक ओळ होती. जुनं इंजिन मिरकरवाड्याच्या एका लाँचवाल्याकडे... आणि पुढचा शब्द लागेना. 'बेचा' की 'अमानत'? हा फरक साधा नव्हता. विकलं असेल तर त्यावर आमचा हक्क नाही. अमानत असेल तर ते अजून पाच हिस्स्यांतलं आहे. तास-दीड तास तेवढ्या एका शब्दावर गेला. शेवटी वहीतले इतर 'त' आणि 'च' शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा 'अमानत' पक्कं झालं. शिवाय जमेच्या बाजूला एक पैसाही नव्हता.

लाँचवाल्यांचे नातू आज दोन ट्रॉलर चालवतात. आम्ही बिचकतच गेलो. पन्नास वर्षांनी कोणाच्या दारात जाऊन 'आमचं लोखंड द्या' म्हणणं बरं दिसत नाही. थोरल्या नातवाने ऐकून घेतलं आणि जाळी ठेवायच्या शेडच्या मागे नेलं. ताडपत्री आणि ग्रीसच्या थराखाली इंजिन होतं. "आजोबा लाँचमध्ये बसवणार होते," तो म्हणाला. "पेट्रोल पाहून बेत सोडला. पण सांगून गेले, हे ड्रायव्हरसाहेबांचं आहे, भंगारात घालू नका. शेड दोनदा बदलली, दोनदा हलवलं." क्रायस्लर हीच इंजिनं बोटींसाठीही बनवत असे, तेव्हा आजोबांचा बेत वेडगळ नव्हता. आम्ही शेडच्या जागेचं काही द्यायचं म्हटलं तर त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

इंजिनाच्या माथ्यावर एका ओळीत सहा प्लग. सहा सिलिंडर सरळ रेषेत. व्ही-एटचा प्रश्न तिथेच संपला. ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, हेडच्या जरा खाली, एक सपाट उंचवटा असतो, त्यावर नंबर. घासलेट लावून पुसल्यावर 'पी २५' आणि पुढचे सगळे आकडे उमटले. 'पी २५' म्हणजे प्लिमथचं १९५४ चं मॉडेल. प्लिमथला पहिलं व्ही-एट मिळालं १९५५ च्या मॉडेलपासून. म्हणजे ही गाडी व्ही-एट असणं शक्यच नव्हतं. डायनामोवर सहा व्होल्टचा शिक्का होता. प्लिमथ १९५५ पर्यंत सहा व्होल्टवर होती आणि १९५६ ला बारावर गेली, त्यामुळे तोही पुरावा जुळला.

एक गोष्ट उरली होती. १९५४ सालीच मधेच प्लिमथने इंजिन बदललं. आधी २१७.८ घनइंच आणि १०० अश्वशक्ती, नंतर २३० घनइंच आणि ११० अश्वशक्ती. सिलिंडरची रुंदी दोन्हींची सव्वातीन इंच. फरक फक्त पिस्टनच्या फेरीत: एकात ४ ३/८ इंच, दुसऱ्यात ४ ५/८. हे मोजायला इंजिन उघडावं लागत नाही, हे आम्हाला उद्यमनगरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. या इंजिनांच्या सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक बुच असतं. ते काढायचं, आत सायकलची स्पोक सोडायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. पिस्टन सर्वांत वर असताना खूण, सर्वांत खाली असताना खूण. पण पन्नास वर्षं झोपलेलं इंजिन फिरायला हवं ना! प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर ठेवलं. नवव्या दिवशी ते चिकटा सोडून हललं. तेव्हा मिस्त्री जे 'बिस्मिल्लाह' म्हणाले, ते शेजारच्या गॅरेजातही ऐकू गेलं असेल. स्पोकवरच्या दोन खुणांमधलं अंतर शाळेच्या पोलादी पट्टीने मोजलं: ११७ मिलीमीटरच्या थोडं वर. २१७ वालं असतं तर १११ भरलं असतं. म्हणजे २३० घनइंच, उशिराचं १९५४.

आरसी बुकातल्या खोडलेल्या नंबरावर मग तिरका उजेड टाकला. आता कोणते आकडे शोधायचे ते माहीत होतं, त्यामुळे सात ठिकाणी पेनाचा दाब ओळखता आला. जुळला. इंजिन याच गाडीचं.

चाचा कुवेतला असतात. फोनवर त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हे सगळं घेणाऱ्याला कशाला सांगता? त्याला व्ही-एटचा बिल्ला आवडतो तर आवडू दे. तपासणं त्याचं काम." चाचा काही लबाड माणूस नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या धुवून त्यांनी घर वर काढलं आहे, त्यांनाही चार पैसे हवेच असणार. पण धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस त्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितली होती. त्याची आठवण करून द्यायचं धाडस आमच्यातल्या कोणी केलं नाही. फुफींनी केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या हिश्शात साडेचार रुपयांचा बिल्ला धरू नकोस." पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग चाचा हसले.

सरकारचाही एक नियम आमच्या कामाला आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार, फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. डिझेल बसवलेली गाडी यात अडकली असती. मूळ इंजिन हाती आल्यावर नव्या मालकाला तो रस्ता मोकळा झाला. म्हणजे बिल्ल्याने जी किंमत गेली, तिच्यातला काही भाग अमानतीने परत दिला.

अठरा लाख अर्थातच आले नाहीत. मध्यस्थांनी सहा सिलिंडर ऐकल्यावर फोन उचलणं बंद केलं. पुण्याचे एक निवृत्त इंजिनीअर आले. त्यांच्यासमोर आम्ही दोन याद्या ठेवल्या, एक मूळच्या वस्तूंची, दुसरी नंतर चढलेल्यांची. दुसरी लांब होती: रंग, डिझेल, टोप्या, डिकीवरची अक्षरं, सीटचं कापड, बारा व्होल्टचं वायरिंग, मडगार्डवरचं चिन्ह. त्यांनी दोन्ही वाचल्या, गाडीखाली झोपून हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागे शाफ्टवर आहे ना तेही पाहिलं, आणि सव्वासहा लाख सांगितले. फुफींचा पाचवा हिस्सा सव्वा लाख झाला. एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर. जहाज आठवण म्हणून काढून ठेवावं असं बहिणीच्या मनात होतं. पण ते मूळच्या यादीत होतं, म्हणून गाडीबरोबर गेलं. चोरबाजारचा बिल्ला मात्र इंजिनीअरसाहेबांनी स्वतः काढून आमच्या हातात दिला.

गाडी ट्रकवर चढवून आंबा घाटाने गेली, इंजिन मागून पिकअपमध्ये. ट्रकच्या ड्रायव्हरला आम्ही तीनदा सांगितलं की पुण्यात चाकं काढाल तेव्हा लक्ष ठेवा, क्रायस्लरच्या गाडीचे डाव्या बाजूचे बोल्ट उलटे फिरतात.